वैकल्य कोणाचे? : फिरता रंगमंच, प्रेक्षक आणि समावेशाचा प्रश्न

भरताच्या नाट्यशास्त्रातील नाट्योत्पत्तीची कथा सर्वपरिचित आहे. देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि जे पाहताही येईल व ऐकताही येईल असे एक खेळणे मागतात. मागणीचे कारणही ते देतात : वेदव्यवहार शूद्रांच्या कानी पडू नये असा दंडक असल्यामुळे सर्व वर्णांना चालेल असा पाचवा वेद हवा. या कथेत नाट्याचे प्रयोजन आणि नाट्याचे साधन यांविषयीची दोन विधाने शेजारी शेजारी उभी आहेत. प्रयोजन सांगते, कोणीही बाहेर राहू नये. साधन सांगते, ज्याचे डोळे आणि कान शाबूत आहेत त्याच्यासाठी. 'सार्ववर्णिक' या शब्दाचा कीस पुष्कळ पाडला गेला आहे, आणि तो योग्यच होता. दुसऱ्या विधानातील अट मात्र निसर्गानेच घातलेली आहे असे समजून चर्चेबाहेर राहिली. वर्णामुळे बाहेर ठेवले जाणे हा अन्याय ठरला. इंद्रियांमुळे बाहेर राहणे हे केवळ दुर्दैव.

ते केवळ दुर्दैव नव्हते, याची साक्ष त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. नाट्यगृहाची पायाभरणी करताना कोणाकोणाला त्या जागेपासून दूर सारावे याचा तेथे निर्देश आहे. पाखंडी, काषाय वस्त्रे नेसणारे, आणि 'विकल' माणसे. इमारत उभी राहण्यापूर्वीच तिच्यात कोण नको हे ठरले होते. पुढे सत्ताविसाव्या अध्यायात आदर्श प्रेक्षकाची लक्षणे येतात, त्यांत इंद्रियांच्या अव्यग्रतेला अग्रस्थान आहे. येथे भरताच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे सर्व गुण एकाच प्रेक्षकात सापडणार नाहीत, हे तो लगेच मान्य करतो, आणि वय, प्रकृती व आवड यांप्रमाणे कोण कशात रमेल याचा विचार करतो. शिवाय नाट्यगृह फार मोठे असू नये, कारण आवाज अस्पष्ट होतो आणि चेहऱ्यावरील भाव दिसत नाहीत, असेही तो बजावतो. म्हणजे शेवटच्या रांगेतील माणसाला ऐकू आले नाही तर दोष त्याच्या कानांचा नव्हे, दालनाच्या मापाचा, हे तत्त्व त्याला मान्य होते. ज्याला पहिल्या रांगेतही ऐकू येत नाही त्याच्यापर्यंत हे तत्त्व नेण्याची गरज मात्र त्याला वाटली नाही.

कुटुंबांसाठी आणि अपंग व्यक्तींसाठी गावोगाव फिरणारे, प्रेक्षकाला प्रयोगात सामील करून घेणारे नाटक ही कल्पना आज जगभर रुजते आहे. तिच्याकडे बहुधा समाजसेवेचा एक प्रकार म्हणून पाहिले जाते. चौकशी असते ती प्रयोगांची संख्या, लाभार्थींची संख्या, रॅम्प आहे की नाही याची. वास्तविक या कल्पनेने नाट्यविचारातील एक मूलभूत पद, 'प्रेक्षक' हे पद, अडचणीत आणले आहे. ती अडचण नीट तपासायची तर एखादा भूभाग डोळ्यांसमोर ठेवणे बरे, आणि त्यासाठी बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेयेकडील दोन तालुके सोयीचे आहेत. येथे एकीकडे बंदिस्त नाट्यगृहे व सभागृहे आहेत, यात्रांमधून कनाती ठोकणारे तमाशाचे फड आहेत. दुसरीकडे दरवर्षी आषाढवारीत तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती धावतात. बेलवाडी आणि इंदापूर येथे गोल रिंगण होते. प्रेक्षकाची तीन निरनिराळी रूपे एवढ्या थोड्या अंतरात सहसा सापडत नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात उरकता येईल. १९९५च्या अपंग व्यक्ती अधिनियमात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या अधिनियमाने ते एकवीस केले आणि सांस्कृतिक जीवनातील सहभागाचा स्पष्ट उल्लेख केला. त्याआधी २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या आणि भारताने २००७ साली मान्य केलेल्या करारनाम्याच्या तिसाव्या कलमात नाट्यगृहांचा उल्लेख नावानिशी आहे. अपंग व्यक्तीच्या सर्जनशक्तीचा विकास तिच्यासाठीच नव्हे तर समाजाच्या समृद्धीसाठीही व्हावा, असे ते कलम म्हणते. २०११च्या जनगणनेत देशातील अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात होत्या. ही शेवटची टक्केवारी महत्त्वाची आहे. शहरातील नाट्यगृहाला उतरता चौथरा बांधून दिला की प्रश्न सुटला असे मानणारा विचार या टक्केवारीपाशी संपतो. चाकाची खुर्ची नाट्यगृहाच्या दारातून आत जाईल. निमगाव केतकीच्या एखाद्या वस्तीवरून ती त्या दारापर्यंत येणार कशी? तेव्हा नाटकाने फिरणे ही येथे हौस उरत नाही. तरीही कायदा दार उघडून देऊ शकतो. आत गेलेल्या माणसाला तेथे काय व्हायचे आहे, हे तो सांगू शकत नाही.

या ठिकाणी अभिनवगुप्ताचे साहाय्य होते, आणि ते अनपेक्षित आहे. इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवर काश्मिरात होऊन गेलेल्या या भाष्यकाराने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक 'प्रतीत्युपायवैकल्य', म्हणजे प्रतीती घडविणाऱ्या उपायांची विकलता. शब्द तोच, विकल. पण त्याची जागा बदलली आहे. भरताच्या दुसऱ्या अध्यायात विकल होता तो माणूस, आणि त्याला दूर सारायचे होते. अभिनवगुप्ताच्या या विघ्नात विकल आहे तो उपाय, आणि त्याची दुरुस्ती प्रयोगाने करायची आहे. अभिनय, लोकधर्मी, वृत्ती, प्रवृत्ती यांची योजना त्यासाठीच आहे असे तो सांगतो. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेला असणे या दुसऱ्या एका विघ्नावरही तो उपाय सुचवतो : गीत, वाद्य, मंडपाची शोभा. यांच्या योगाने अहृदय माणूससुद्धा सहृदय होतो, अशी त्याची धारणा आहे. सहृदयता ही प्रेक्षकाने घरून आणायची शिदोरी आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत. येथे तर ती प्रयोगाने निर्माण करायची वस्तू ठरते.

अभिनवगुप्ताच्या मनात आंधळा वा बहिरा प्रेक्षक होता असे मुळीच म्हणायचे नाही. प्राचीनांच्या तोंडी आजचे बोल घालण्याची आपली खोड जुनी आहे आणि ती टाळलेली बरी. परंतु एखाद्या विचारसरणीत जी तार्किक वाट मोकळी आहे तिच्यावरून पुढे जाण्यास मूळ विचारवंताची संमती लागत नाही. अपंगत्व शरीरात नसते, शरीराचा विचार न करता घडवलेल्या समाजात असते, ही जी मांडणी १९७० नंतरच्या दशकांत ब्रिटनमधील अपंगांच्या चळवळीने केली, तिच्याशी जोडता येईल असे एक बीज आपल्या रसचर्चेत होते आणि ते पडून राहिले, एवढाच मुद्दा.

पडून का राहिले? कारण रंगभूमीचे लक्ष अपंग माणसाकडे गेले ते वेगळ्याच दिशेने. भरताच्या हास्यरसाच्या विभावांत व्यंगदर्शन आहे. तोतरा, बहिरा, लंगडा, बुटका या पात्रांवर जगातील सगळ्याच लोकरंगभूमी पोसल्या गेल्या. तमाशाची बतावणी त्याला अपवाद नाही. बहिऱ्याने भलतेच ऐकायचे आणि फडाने खदखदा हसायचे, हा ठेका पिढ्यान्‌पिढ्या चालला. नागर रंगभूमीने हसण्याच्या जागी अश्रू आणले. जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' या नाटकात मतिमंद मुलाच्या आईबापांची घुसमट आहे, आणि मराठी मध्यमवर्गीय घराचा एक बंद दरवाजा त्या नाटकाने उघडला याबद्दल वाद नसावा. पण एक अडचणीचा प्रश्न विचारून पाहावा. रंगमंचावरच्या त्या मुलासाठी डोळे पुसणाऱ्या प्रेक्षागृहात तसाच एखादा मुलगा खरोखर येऊन बसला असता, मध्येच मोठ्याने ओरडला असता, उठून चालू लागला असता, तर त्याच प्रेक्षागृहाने काय केले असते? प्रथम मागे वळून पाहिले असते, मग 'शूऽऽ' केले असते, आणि अखेरीस त्याची आई त्याला घेऊन बाहेर गेली असती. ज्याच्यासाठी करुणा उपजली त्याचीच त्या करुणेला अडचण झाली असती. हा दोष दळवींच्या नाटकाचा नव्हे. शांत बसणे हेच रसिकत्व, असे मानणाऱ्या प्रेक्षागृहाच्या कराराचा तो दोष आहे.

अपंग व्यक्ती स्वतः नट झाली तेव्हा चित्र बदलले, पण अर्धेच. कांचन सोनटक्के यांनी मुंबईत 'नाट्यशाले'च्या द्वारे विशेष शाळांतील मुलांपर्यंत नाटक नेले. आनंदवनाचा 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद कुष्ठमुक्त, अंध आणि अपंग कलावंतांना घेऊन गावोगाव फिरला. मराठीतील पहिले ब्रेल पाक्षिक 'स्पर्शज्ञान' २००८ साली सुरू करणारे स्वागत थोरात यांनी एकोणीस दृष्टिहीन कलावंतांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' रंगमंचावर आणले. कालिदासाचा मेघ दुसऱ्याच्या डोळ्यांनी रामगिरीपासून अलकेपर्यंतची वाट पाहतो. यक्ष स्वतः जागचा हलू शकत नाही. ही संहिता दृष्टिहीन नटांच्या हाती जाणे यात जे औचित्य आहे ते वरवरचे नाही. अशा प्रयोगांचे कौतुक मात्र पुष्कळदा एका ठरावीक वाक्याशी येऊन थांबते : हे अंध आहेत असे वाटतच नाही. म्हणजे नटाने आपले अंधत्व जितके लपवले तितका प्रयोग यशस्वी! डोळस शरीराची हालचाल हाच मापदंड राहिला आणि अंध नट त्या मापात बसला म्हणून टाळ्या पडल्या. अंध शरीर अवकाशाला ज्या रीतीने जाणते त्या रीतीतून रंगमंचाची एखादी निराळी रचना उभी राहू शकेल काय, हा खरा नाट्यविषयक प्रश्न त्या टाळ्यांत बुडून जातो. शिवाय या सर्व उदाहरणांत अपंग व्यक्ती रंगमंचावर आहे आणि समोर बसलेला समाज बहुतांशी धडधाकट आहे. प्रेक्षकाच्या खुर्चीचा प्रश्न उरतोच.

बारामतीच्या परिसराकडे वळावे ते यासाठी. या गावाची वाङ्मयीन ख्याती श्रवणाची आहे. श्रीधराने 'शिवलीलामृत' शके १६४०, म्हणजे १७१८ साली येथेच पूर्ण केले. मोरोपंत (१७२९–१७९४) येथेच राहिले आणि त्यांची आर्या पुराणिकांच्या व कीर्तनकारांच्या मुखाने महाराष्ट्रभर गेली. पोथी लावणारा एक आणि ऐकणारे सारे घर, ही त्या वाङ्मयाची प्रयोगरचना. तिच्यात अंध आजोबांना कोणतीही खास सवलत लागत नसे. ते सर्वांच्या बरोबरीचे श्रोते होते, कदाचित सर्वांत पाठांतर असलेले. बहिऱ्या माणसाला मात्र तेथे जागा नव्हती. प्रत्येक कलाप्रकार कोणाला तरी आपोआप सामावतो आणि कोणाला तरी आपोआप वगळतो. निखळ समावेशक असा प्रकार मुळात नसतोच; कोणाला वगळले जात आहे याची जाग असलेला प्रयोग आणि ती नसलेला प्रयोग, एवढाच फरक असू शकतो.

वारीचे रिंगण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एका वर्तुळात दिंड्या उभ्या राहतात. पताकाधारी, तुळशी घेतलेल्या बाया, विणेकरी पाळीपाळीने धावतात. मग अश्व सुटतात. ते गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावायला लोक झेपावतात. नंतर टाळमृदंगाच्या गजरात उड्या, फुगड्या. एकच घटना डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, तळपायांना जमिनीच्या हादऱ्यातून कळते आणि शेवटी मातीच्या रूपाने त्वचेवर येते. यांतील एखादी वाट बंद असली तर उरलेल्या वाटांनी ती घटना येते, आणि ती दुय्यम दर्जाची होऊन येत नाही, कारण पाहणारा आणि करणारा यांची सीमाच तेथे पातळ आहे. कोणी ओरडले, कोणी मध्येच बसकण मारली, कोणी एकच हातवारा पुन्हा पुन्हा केला, तर ते तेथे खटकत नाही. 'प्रतीत्युपाय' अनेक असणे म्हणजे काय, याचा हा धडधडीत दाखला आहे.

आणि तरीही वारीचे गोडवे गाऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वारी म्हणजे चालणे. ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यासाठी ती दारावरून जाणारी गोष्ट असते. रिंगणाची दाटी ज्याला सोसवत नाही अशा स्वमग्न मुलासाठी तो गजर आनंद नसून यातना असू शकते. शिवाय मुक्कामाच्या रात्री जी भारुडे उभी राहतात त्यांच्या मुळाशी एक जुना पेच आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी आंधळा, पांगळा, बहिरा, मुका यांना भारुडांत बोलते केले. समाजाने ज्यांना उकिरड्यावर ठेवले त्यांच्या तोंडी अध्यात्म घातले, हे धाडसच. पण त्या रचनांतील आंधळा खऱ्या अर्थाने आंधळा नाही. तो अज्ञानाने आंधळा झालेला जीव आहे. रूपक उलगडले की आंधळ्या माणसाची गरज संपते. समोर गर्दीत काठी टेकून उभा असलेला खरा आंधळा ते भारुड ऐकतो तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते? त्याच्या शरीराचे नाव दुसऱ्या कोणाच्या तरी दोषासाठी उसने घेतलेले असते. २०१५ अखेरीस सरकारी व्यवहारात आलेला 'दिव्यांग' हा शब्द या रूपकाची दुसरी बाजू आहे. तेथे अज्ञान होते, येथे दैवी देणगी. पायऱ्या चढता न येणाऱ्या माणसाला पायऱ्या चढता येत नाहीत, एवढेच साधे विधान करायला भाषा दोन्ही ठिकाणी का कचरते, हे कळत नाही.

आता प्रेक्षकाच्या सहभागाविषयी. समावेशक रंगभूमीचे पुरस्कर्ते सहभागाला निरपवाद गुण मानतात. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या ठिकाणी एक विपरीत गोष्ट घडते. बंदिस्त नाट्यगृहात सर्वांनीच गप्प बसायचे असते. म्हणून तेथे न बोलू शकणारा माणूस निदान त्या दोन-तीन तासांपुरता इतरांसारखाच असतो. त्याचे मौन कोणाच्या लक्षात येत नाही. बालनाट्यात सूत्रधार जेव्हा मुलांना विचारतो, 'राक्षस कुठं लपला, सांगाल ना?' आणि शंभर कंठ एका दमात उत्तर देतात, तेव्हा ज्या एका मुलाचे उत्तर ओठांवर यायला अर्धे मिनिट लागणार असते तो एकाएकी उघडा पडतो. सहभागाच्या रंगभूमीनेच त्याला वगळले. गाडगेबाबांच्या कीर्तनातील प्रश्नोत्तरे हा आपल्याकडील संवादी प्रयोगाचा सर्वांत जिवंत नमुना, आणि अंध-पंगूंची सेवा हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. पण कीर्तनातील प्रश्नाचे उत्तर जमावाने एकमुखाने द्यायचे असते आणि ते आधीच ठरलेले असते. त्या उत्तराचे सामर्थ्य त्याच्या एकमुखीपणातच असते. ज्याला वेगळे उत्तर द्यायचे आहे, अगर उशिरा द्यायचे आहे, त्याच्यासाठी ती रचना नाही.

अशा वेळी घरात जे होते तेच प्रयोगातही होते : मुलाच्या वतीने आई उत्तर देते. नट गुडघ्यांवर बसून मुलाला त्याचे नाव विचारतो, मूल गप्प राहते, आई नाव सांगते, नट आभार मानून पुढे जातो. कुटुंबासाठीचे नाटक म्हणून जे ओळखले जाते त्याची ही खरी कसोटी आहे. मराठी रंगभूमीने 'सहकुटुंब पाहण्याजोगे' हा शिक्का सोवळेपणासाठी वापरला. तमाशा नको, अश्लील नको, एवढाच त्याचा अर्थ. अपंग मूल असलेल्या कुटुंबाला मात्र 'सहकुटुंब' हा शब्दच कित्येकदा लागू होत नाही. नाटकाला जायचे तर एकजण घरी थांबणार, आणि ती बहुधा आईच. तेव्हा सगळे कुटुंब एकत्र आले आणि आईला त्या तासाभरात दुभाष्या व्हावे लागले नाही, तर त्या प्रयोगाने जे साधले त्याला कोणतेही बोधवाक्य लागणार नाही. त्यासाठी नटाला एकच गोष्ट शिकावी लागते, आणि नटाच्या प्रशिक्षणात ती कोठेही शिकवली जात नाही : प्रश्न विचारल्यानंतर वाट पाहणे. रंगमंचावरील विराम हा आजवर नटाचा होता, त्याने घ्यायचा आणि त्यानेच मोडायचा. येथे तो प्रेक्षकाच्या मालकीचा होतो. प्रयोगाची लय त्यामुळे विस्कटते. पण ती लय कोणाच्या श्वासावर बांधली होती, हा प्रश्नही त्याचबरोबर उघडा होतो.

आणि वाट पाहूनही उत्तर आले नाही तर? समावेशाच्या नैतिक विचारात नकाराला जागा आहे की नाही यावर बरेच अवलंबून आहे. ज्याला आयुष्यभर डॉक्टरांनी, शिक्षकांनी, नातेवाइकांनी 'करून दाखव' म्हटले आहे त्याला नाटकानेही तेच म्हणावे, यात नवे काही नाही. फ्रेंच तत्त्वचिंतक झाक रांसिएर यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात पाहणे हीच एक कृती आहे, प्रेक्षकाला निष्क्रिय समजून त्याला 'सक्रिय' करू पाहणाऱ्या रंगभूमीच्या मनात एक प्रकारची उच्चनीचता दडलेली असते, असा युक्तिवाद केला. त्यांच्यासमोर अपंग प्रेक्षक नव्हता. पण हा युक्तिवाद सर्वाधिक लागू पडतो तो त्यालाच. कोपऱ्यात पाठ करून बसलेले मूल प्रयोगात नाही, असे ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे?

लंडनची 'ऑयली कार्ट' ही १९८१ साली स्थापन झालेली संस्था या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंजली आहे. तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांसाठी तिने उपचारांच्या कोमट पाण्याच्या तलावात, उड्या मारण्याच्या जाळीवर प्रयोग केले. प्रेक्षक मोजके, त्यांच्यासोबत त्यांची माणसे. १९८० साली सुरू झालेल्या 'ग्रीआय' या तेथीलच संस्थेने खुणांची भाषा आणि दृश्यांचे शब्दवर्णन ही कडेला लावलेली सोय न ठेवता संहितेच्या आणि दिग्दर्शनाच्या आत आणली. खुणांनी बोलणारा दुभाषी रंगमंचाच्या कोपऱ्यात उभा असतो तेव्हा तो सवलत असतो. तोच पात्र होऊन दृश्यात वावरतो तेव्हा ऐकू येणाऱ्यांनाही त्याच्याकडे पाहावे लागते. अभिनवगुप्ताच्या परिभाषेत बोलायचे तर उपायाचे वैकल्य दूर करताना उपाय स्वतःच समृद्ध होतो.

या दिशेवर घेतला जाणारा आक्षेप कलेच्या नावाने येतो : ही उपचारपद्धती आहे, कला नव्हे. स्पर्श, वास, पाण्याचे तुषार यांनी सुखसंवेदना होईल, साधारणीकरण कसे होईल? नटाने प्रेक्षकाच्या तळहातावर ओली माती ठेवली की तो अनुभव 'माझा' झाला, आणि 'माझे'पणा तर रसाचे विघ्न. आक्षेप वजनदार आहे. पण बेलवाडीच्या रिंगणात कपाळाला लागलेली माती कोणाची असते? ती प्रत्येकाच्या त्वचेवर असते आणि एकट्याची कोणाचीच नसते. स्पर्श खाजगीच असतो हा दृक्‌-श्राव्य संस्कृतीचा पूर्वग्रह आहे. समूहाने वाटून घेतलेला स्पर्श साधारण होऊ शकतो. उलट, ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही त्याच्यासाठी जगाशी साधारण होण्याची हीच वाट आहे. ती कलेच्या कक्षेबाहेर ठेवायची असेल तर कलेची व्याख्या त्याला वगळूनच केली होती, असे कबूल करावे लागेल.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक प्रामाणिक आहे. आठशे प्रेक्षकांऐवजी बारा कुटुंबांसाठी प्रयोग करायचा तर एका खुर्चीचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो. ज्या तालुक्यांत नाटकाची गाडी यात्रेच्या वा महोत्सवाच्या निमित्ताने येते आणि रातोरात परत जाते, तेथे हा हिशेब निर्णायक ठरतो. न्याय म्हणजे सर्वांना सारखे वाटणे, असे मानले तर या बारा कुटुंबांना काही मिळणारच नाही. ज्याला पोहोचायला जास्त लागते त्याला जास्त, असे मानले तर उरलेल्यांना का म्हणून कमी, याचे उत्तर द्यावे लागते, आणि ते कोणत्याही नाट्यसंस्थेने एकटीने द्यावे अशी अपेक्षा अन्यायाची आहे. कालव्याच्या पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलेल्या या मुलखाला शेवटच्या चारीवरच्या शेताचा प्रश्न नवा नाही. वरच्या शेताला मिळते तेवढेच सोडले तर शेवटच्या शेतापर्यंत काहीच पोहोचत नाही, हे येथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

फिरत्या नाटकाचा आणखी एक प्रश्न आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा स्वमग्न व्यक्तीला अनोळखी गोष्टीची भीती असते. म्हणून परदेशातील काही संस्था प्रयोगाआधी घरी चित्रमय माहिती पाठवतात. कोण येणार, अंधार केव्हा होणार, मोठा आवाज कोठे आहे, बाहेर कसे जायचे, हे सगळे त्यात असते. रंगभूमीची सारी मदार विस्मयावर, आणि येथे तो आधीच काढून टाकायचा! पण पालखीच्या वाटेवरच्या माणसाला हे नवल वाटणार नाही. बारामतीनंतर काटेवाडी, मग सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर. क्रम ठरलेला, रिंगणाची मैदाने ठरलेली. तीन हत्तींच्या चौकात उभ्या राहणाऱ्या म्हातारीला काय येणार आहे ते पुरते ठाऊक असते, आणि ठाऊक असल्यामुळे तिचा उमाळा तिळमात्र कमी होत नाही. एकदाच येऊन जाणाऱ्या नाटकापाशी मात्र ही ओळख नसते. त्याने पहिल्या वर्षी दार वाजवले आणि आतल्या मुलाने कानांवर हात ठेवले, तर दुसऱ्या वर्षी त्याच दाराशी पुन्हा यायचे, तीच माणसे घेऊन, तेच गाणे घेऊन. अनुदानाच्या अर्जात त्या दुसऱ्या वर्षासाठी रकाना सहसा नसतो.